मागच्या चाकाला मोटर बसवली तर गाडी चढ चढंल का?

यंदा पाऊस लांबला आणि त्याचा परिणाम थेट आमच्या या पानावर झाला. एरवी क्लच प्लेट, बॅटरीचं पाणी, स्कूटरचा चार्जर गरम होतोय चालेल का, असले प्रश्न असतात. या वेळी पत्रांचा गठ्ठा सोडून बघतो तर पाच जणांनी एकमेकांना न विचारता एकच विषय काढलाय, घरच्या इलेक्ट्रिक गाडीला मागच्या चाकात आणखी मोटरी बसवायचा. म्हणून हा महिना सगळा त्यालाच दिला. क्लच प्लेटवाल्यांनी राग मानू नये, पुढच्या अंकात तुमचा नंबर.

प्रश्न: काका नमस्कार. मी गोडोलीत राहतो, दोन वर्षांपूर्वी छोटी इलेक्ट्रिक हॅचबॅक घेतली, 24 युनिटची बॅटरी, पुढच्या चाकांवर चालते. यवतेश्वर घाट, कास सगळं मस्त चढते, तक्रार नाही. पण बामणोलीच्या अलीकडं आमचं गावचं घर आहे, डांबरी सोडली की शेवटचा साठ-सत्तर फुटांचा लाल मातीचा चढ आहे आणि पावसाळ्यात तिथं पुढची चाकं नुसती जाग्यावर फिरतात, चिखल उडतो, गाडी हलत नाही. चुलत्यांची जुनी जीप शेजारनं आरामात वर जाते आणि ते वर जाऊन हॉर्न वाजवतात, ते लय लागतं. दोन पोरांनी मागून रेटली की मात्र चढते. मी 48 व्होल्टच्या, 1500 वॉटच्या दोन हब मोटरी, म्हणजे चाकाच्या आतच बसणाऱ्या, बघून ठेवल्यात. ओळखीचे फॅब्रिकेशनवाले म्हणतात, मागचे ड्रम काढून ॲक्सलला वेल्ड करून देतो, दोन दिवसांचं काम. वेगळी बॅटरी डिकीत ठेवायची, स्विच डॅशबोर्डवर, गरज असेल तेव्हाच चालू. करू का? (गोडोली, सातारा)

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ती दोन पोरं. आपण हिशोब त्यांच्यावरनंच करू.

गाडी, चार माणसं आणि डिकीतलं सामान धरून वजन 1400 किलो धरा. चढ सहाला एक, म्हणजे सहा फूट गेलं की एक फूट वर, गावाकडच्या वाटेला एवढा असतोच. तिथं गाडीला नुसतं थोपवून धरायलाच साधारण 230 किलोचा रेटा लागतो, चाक चिखलात रुतत रुतत जातं त्याचे आणखी 70, झाले 300. आता पुढची चाकं किती रेटा देणार ते मोटरवर नाही, मातीवर ठरतं. चढाला भार मागं सरकतो, त्यात मागच्या सीटवर दोघं आणि डिकीत पोतं, म्हणजे पुढच्या चाकांवर कसाबसा निम्मा भार राहिला, 700 किलो. ओल्या लाल मातीत त्याच्या तीस टक्के पकड मिळाली तरी नशीब समजायचं. 700 चे तीस टक्के 210. पाहिजेत 300, मिळतात 210, तूट 90 किलोची. दोन धडधाकट पोरांनी 45-45 किलो रेटलं की गाडी चढते. जुळलं का नाही गणित?

मोटर कमी पडते हे मात्र डोक्यातनं काढून टाका. यवतेश्वरच्या घाटात दहाला एक चढ धरला आणि 40 च्या स्पीडनं गेलात तर तुमच्या गाडीला 17-18 किलोवॅट लागतात, आणि तुमच्या गाडीची मोटर त्याच्या दुपटीपेक्षा जास्त देते. तुमच्या दोन हब मोटरी मिळून 3 किलोवॅट. म्हणजे घाटात त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य, उपयोग फक्त त्या साठ-सत्तर फुटांत.

आणि तिथं मात्र तुमचा विचार चुकीचा नाही, हे मी कबूल करतो. मागच्या चाकांवर पण 700 किलो बसलेत आणि तुमच्या गाडीत ते फुकट बसलेत, नुसते ओढत न्यायला. चुलत्यांची जीप नेमकं तेच वजन कामाला लावते. कंपन्या पण हेच करतात, 2025 ला टाटाची हॅरियर ईव्ही आली तिच्या चारी चाकं ओढणाऱ्या मॉडेलात पुढं एक मोटर मागं एक मोटर आहे, मधी लोखंडी शाफ्ट वगैरे काही नाही. फरक असा की त्या दोन्ही मोटरी एकाच कॉम्प्युटरच्या हुकमात असतात, कुठलं चाक घसरतंय ते बघून तो कुणाला किती द्यायचं ते ठरवतो. तुमच्याकडं तो कॉम्प्युटर म्हणजे डॅशबोर्डवरचा स्विच.

आता फॅब्रिकेशनवाल्यांकडं येऊ. मागच्या चाकाचा ड्रम काढायचा म्हणतात. त्या ड्रममधी काय काय असतं ते त्यांनी सांगितलं का? मागचा ब्रेक असतो. हँडब्रेक तिथंच असतो, घाटात गाडी उभी करताना जो ओढता तो. आणि बहुतेक गाड्यांत एबीएसचा (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या सिस्टमचा) सेन्सर ज्या दातेरी रिंगकडं बघत बसलेला असतो ती रिंग पण तिथंच हबजवळ असते. तीन गोष्टी गेल्या, बदल्यात मिळाली एक मोटर. रिंग गेली की एबीएसचा दिवा पेटतो, दिवा पेटला म्हणजे एबीएस बंद, आणि ते बंद झालं की पुढच्या-मागच्या ब्रेकचं वाटप करणारी सिस्टम पण गोंधळते. आपण चिखलासाठी मोटर लावली आणि डांबरीवरचा ब्रेक घालवला.

त्यात ते ॲक्सलला वेल्ड करायचं म्हणतात. तुमच्या गाडीला मागं जे आडवं लोखंड दिसतं त्याला ट्विस्ट बीम म्हणतात, नावातच आहे, ते पीळ खाण्यासाठी बनवलेलं असतं, एक चाक खड्ड्यात गेलं की ते वळतं आणि परत सरळ होतं, दिवसातनं हजारदा. त्याच्यावर वेल्डिंगचा टाका पडला की टाक्याच्या कडेचं लोखंड कडक आणि ठिसूळ होतं, मग चीर तिथनंच सुरू होते, आणि ती चीर तुम्हाला गाडीखाली झोपल्याशिवाय दिसणार नाही. बरं, इलेक्ट्रिक गाडीच्या बॉडीला वेल्डिंगचं अर्थिंग लावून काम केलं की आतले कंट्रोल युनिट उडायची भीती असते ते वेगळंच.

पुढचा मुद्दा जरा सावकाश वाचा, कारण तो कुणीच सांगत नाही. तुम्ही म्हणता गरज असेल तेव्हाच चालू. हब मोटर बंद नसते हो कधी. आत लोहचुंबक आहेत, चाक फिरलं की ते फिरणार आणि मोटर वीज तयार करणार, स्विच कसाही असू दे. तुमच्या टायरचा घेर साधारण 1.8 मीटर आहे, म्हणजे 80 च्या स्पीडला चाक मिनिटाला 740 फेरे घेतं. समजा मोटर अशी आहे की 48 व्होल्टला ती रिकामी 500 फेऱ्यांवर पळते, तो झाला तुमच्या गाडीचा 54 चा स्पीड. त्याच्या वर गेलात की मोटर 48 पेक्षा जास्त व्होल्ट काढायला लागते, 80 ला 71 व्होल्ट. मोटरला वीज मोजून देणारा कंट्रोलर बंद असला तरी त्याच्या आतल्या मॉस्फेट नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधनं ही वीज उलटी बॅटरीत घुसते, कुणाच्या परवानगीशिवाय. बॅटरी जबरदस्तीनं चार्ज होते आणि मागची दोन्ही चाकं आपोआप ब्रेक लागल्यासारखी ओढतात. खंबाटकीचा बोगदा सोडून खंडाळ्याकडं उतरताय, वळण आहे, पाऊस आहे, आणि मागची चाकं स्वतःच्या मनानं ब्रेक मारतायत, असं चित्र डोळ्यासमोर आणा. बरं बॅटरीची वायर तोडून ठेवली तर ते 71 व्होल्ट कंट्रोलरमधी जाऊन बसतात, 48 व्होल्टच्या कंट्रोलरला बऱ्याचदा 63 व्होल्टचे कपॅसिटर असतात, ते फुटतात. आवाज दिवाळीतल्या लवंगीएवढा, वास मात्र आठवडाभर जात नाही.

आणि ज्या कामासाठी हे सगळं करायचं ते तरी होईल का? 90 किलोचा रेटा द्यायला प्रत्येक चाकाला 130 न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, लागतो आणि तो पण चाक जवळजवळ न फिरता. न फिरणाऱ्या मोटरीत गेलेली सगळी वीज उष्णता होते. स्कूटरच्या हब मोटरीला ना पंखा ना पाणी, बंद डबा आहे तो. चिखलात दोन वेळा अडकून रेटलंत की मोटरीतल्या तारांवरच्या वार्निशचा वास यायला लागेल.

आता करायचं काय ते ऐका. पहिली गोष्ट फुकटची आहे. गाडी उलटी चढवा. हसू नका. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी रिव्हर्सला चढवली की ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येतात आणि सरकलेला भार त्यांच्यावरच पडतो. इलेक्ट्रिक गाडीला रिव्हर्सचा वेगळा गिअर नसतो, तीच मोटर उलटी फिरते, त्यामुळं सुरवातीचा टॉर्क कमी पडत नाही. माणसं खाली उतरवा, पोतं खाली ठेवा, गाडी आणि तुम्ही मिळून 1220 किलो. लागणारा रेटा उतरला 260 वर आणि पुढच्या चाकांवर 780 च्या आसपास भार आला, त्याचे तीस टक्के 234. तूट राहिली 25-26 किलोची. ती तूट मोटरनं नाही, चाकोरीत मुरूम-खडी टाकून भरायची. पकड तीसची पस्तीस टक्के झाली तरी 273, गेली गाडी वर. कुणाला तरी बाजूला उभं करून रस्ता सांगायला लावा, पण बाजूला म्हणजे बाजूलाच, उताराच्या अंगाला नाही. ॲक्सिलेटर अंगठ्यानं दाबल्यासारखा दाबायचा, चाक फिरायला लागलं की सोडायचं, फिरणारं चाक फक्त खड्डा करतं.

पुढच्या उन्हाळ्यात जमलं तर चाकाखाली येतील अशा दोन काँक्रीटच्या पट्ट्या ओतून घ्या, मधलं गवत राहू दे. दोन मोटरी, दोन कंट्रोलर, बॅटरी आणि वेल्डिंग यांच्या पैशात त्या होऊन वर सिमेंट उरेल. मग तुम्ही पण हॉर्न वाजवा.

प्रश्न: मी मिरजेहून लिहितोय, रोज सांगली ते मिरज आणि परत. सपाट रस्ता आहे. गाडी पुढच्या मोटरवर चालत असताना मागची चाकं नुसती फिरतच असतात, तर त्यांना मोटर लावून ती जनरेटर म्हणून वापरली तर चालता चालता बॅटरी भरत राहील ना? मित्र नाही म्हणतात पण कुणी कारण सांगत नाही. (मिरज)

उत्तर: मर्दा, मागची चाकं नुसती फिरत नाहीत, त्यांना पुढची मोटर फिरवते. जनरेटरमधनं 1 युनिट काढायचं तर चाकाला तेवढा जोर जास्त लागतो, तो पुढच्या मोटरनं द्यायचा, तिनं बॅटरीतनं घ्यायचा, आणि वाटेत मोटर, कंट्रोलर, बॅटरी सगळे आपापलं कमिशन कापून घेतात. 1 युनिट परत मिळवायला बॅटरीतनं दीडच्या आसपास जातं. विहिरीतनं पाणी काढून शेंदता शेंदता परत विहिरीत ओतायचं आणि वर बादलीला भोक. उतारावर आणि ब्रेक मारताना मिळतं ते खरं, पण ते तुमची पुढची मोटर आधीच गोळा करते. सांगली-मिरज रस्त्याला उतार कुठंय, स्पीडब्रेकरचा सोडला तर?

प्रश्न: काका, मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचा चौघांचा प्रोजेक्ट आहे, जुन्या इलेक्ट्रिक गाडीला मागं दोन हब मोटरी बसवून ऑल व्हील ड्राइव्ह करायची. गाडी रस्त्यावर न्यायची नाही, कुपवाडला एका काकांचं मोकळं शेड आणि आवार आहे तिथंच चालवणार. थ्रॉटल कसा जोडायचा, मोटरी कशा धरायच्या, काय काळजी घ्यायची? गाईड सर म्हणतात करा पण सांभाळून. (विश्रामबाग, सांगली)

उत्तर: वर गोडोलीकरांना नको म्हणालो आणि तुला कर म्हणतोय, कारण तू रस्त्यावर नेणार नाहीस आणि आई-वडील मागच्या सीटवर बसणार नाहीत. आणि विषय काही आजचा नाही, 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात फर्डिनांड पोर्शेनं बनवलेली लोहनर कंपनीची गाडी होती तिच्या चाकातच मोटरी होत्या. सव्वाशे वर्षं लोक या चाकाच्या मागं लागलेत.

पहिल्यांदा माझी फजिती ऐक. कुपवाडलाच, एमआयडीसीत एका मित्राच्या शेडमधी, आम्ही एका मेलेल्या जुन्या पेट्रोल गाडीच्या मागच्या बाजूला दोन स्कूटरच्या हब मोटरी बसवल्या होत्या. मोटरचा शाफ्ट दोन्ही बाजूंनी चपटा तासलेला असतो ना, तो आम्ही 6 मिलिमीटरच्या पट्टीत खाच पाडून बसवला, नट आवळला, खूश. जॅकवर चाकं झकास फिरली. चहा झाला. खाली उतरवली, मागं सिमेंटचं एक पोतं टाकलं, आणि थ्रॉटल दिला. एक बारीक करकर आवाज आला, गाडी वीतभर सरकली आणि थांबली. बघतोय तर चाक जाग्यावर आणि शाफ्टच फिरलाय. आम्ही विसरलो होतो की मोटर चाकाला जेवढ्या जोरानं पुढं ढकलते तेवढ्याच जोरानं शाफ्टला मागं ढकलते. खाचेच्या कडा पेढ्यासारख्या दबल्या होत्या, आणि पिवळी, हिरवी, निळी या तिन्ही फेज वायरी शाफ्टच्या भोवती सुतळीसारख्या वळून, सोलून, एकमेकींना चिकटल्या होत्या. कंट्रोलर तेवढ्यात गेला. नशीब स्पीड नव्हता, फेज एकमेकींना चिकटल्या की मोटर घट्ट ब्रेक बनते.

म्हणून तुझं अर्ध काम मोटर धरण्याचं आहे, वीज नंतर. शाफ्टला दोन्ही चपट्या बाजूंनी घट्ट बसेल असा जाड टॉर्क आर्म, म्हणजे शाफ्टला फिरू न देणारा हात, लेथवर करून घे, किमान 10-12 मिलिमीटरचा, सांगलीत असं काम करणारे टर्नर गल्लोगल्ली आहेत. आणि स्कूटरचा शाफ्ट दीडशे-पावणेदोनशे किलोच्या स्कूटर-माणसासाठी असतो, गाडीच्या मागच्या एका चाकावर 300-350 किलो येतात आणि वळणात अजून जास्त, त्यात बऱ्याच हबचा शाफ्ट एकाच बाजूनं धरलेला. माझं ऐकशील तर चाकाचं मूळ बेअरिंग आणि ड्रम आहे तसं ठेव, मोटर वेगळी ब्रॅकेटवर बसव आणि साखळीनं किंवा बेल्टनं चाकाला जोड. भार बेअरिंगनं घ्यायचा, मोटरनं फक्त फिरवायचं. हँडब्रेक पण जाग्यावर राहतो. प्रोजेक्टच्या फोटोत दिसायला गबाळं दिसेल, दिसू दे.

तुमच्यातल्या कुणाच्या तरी डोक्यात ई-रिक्षाचा डिफरन्शियलसकट (वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरसकट) ॲक्सल आयता आणायचं येणारच, म्हणून आधीच सांगतो. ई-रिक्षाला कायद्यानंच 25 च्या स्पीडची मर्यादा आहे, त्याच्या मोटरचा गिअर तेवढ्यासाठीच काढलेला असतो. आवारात 20 नं फिरवा, उत्तम. पण तीच गाडी कुणी 75 नं पळवली तर मोटर तिच्या ठरलेल्या फेऱ्यांच्या तिप्पट फिरणार, आणि आतले चुंबक सुटून बाहेर यायला बघणार.

थ्रॉटलचं. या कंट्रोलरना हॉल सेन्सरचा थ्रॉटल लागतो, साधारण 1 ते 4 व्होल्टचा सिग्नल. गाडीच्या मूळ ॲक्सिलेटरच्या वायरीला टॅप मारायचा मोह होईल, मारू नको, तो सिग्नल दुहेरी असतो आणि थोडासा जरी बिघडला तरी गाडीचा कॉम्प्युटर चिडून लिंप मोडमधी जातो, म्हणजे गाडी नुसती रांगत चालते. वेगळा अंगठ्याचा थ्रॉटल लाव. दोन्ही कंट्रोलर टॉर्क मोडचे घे, स्पीड मोडचे नको. हे का ते नीट समजून घे, व्हायवाला विचारतील: वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं आतलं कमी, स्पीड मोडमधी दोन्ही मोटरी एकच स्पीड धरायला बघतात आणि गाडी सरळ जायला बघते, टॉर्क मोडमधी दोघींना सारखाच जोर मिळतो आणि स्पीड ज्याचा त्याचा, म्हणजे डिफरन्शियलसारखंच वागतं. एक मोटर बंद पडली तर दुसरी आपोआप बंद व्हायला पाहिजे, नाहीतर एकाच चाकाचा जोर गाडीला फिरवतो. ब्रेक पेडलला कट-ऑफ स्विच पाहिजे. आणि स्टेअरिंगवरनं हात न काढता मारता येईल असा सगळी वीज तोडणारा लाल मशरूम बटण पाहिजे, बाहेरच्या माणसाला पण मारता येईल असा दुसरा.

बॅटरीत कंजूषपणा करू नको. एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेटचे) 16 सेल सिरीजला म्हणजे 51.2 व्होल्ट, बीएमएससकट, म्हणजे सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटसकट. 3 किलोवॅटला 60 अँपियर जातात, मोटर अडली की त्याच्या दुप्पट-तिप्पट. घरातला एसीचा एमसीबी लावलास तर तो डीसीचा ठिणगा विझवू शकत नाही, आतल्या आत जळत राहतो, हे मी पाहिलंय, एमसीबीचा प्लास्टिकचा डबा मेणासारखा खाली ओघळला होता. डीसीचाच फ्यूज, बॅटरीच्या टोकाला एकदम जवळ. आणि गाडीच्या मूळ बॅटरीच्या नारिंगी केबल दिसल्या की तिथनं हात मागं, शेकडो व्होल्ट असतात, त्यातनं कुठलाही टॅप नाही, बारक्या 12 व्होल्टच्या बॅटरीतनं पण नाही. मागच्या मोटरींचा संसार पूर्ण वेगळा.

चाचणी जॅकवर नाही, स्टँडवर. जॅक सरकतो. आणि पहिल्या दिवशी चौघांपैकी एकानं काहीच करायचं नाही, फक्त लाल बटणाजवळ उभं राहायचं. चहा पण त्यानं नंतर प्यायचा.

प्रश्न: आमच्या ओळखीतल्या एकानं मागं मोटर बसवून घेतली, म्हणतात इलेक्ट्रिकला इलेक्ट्रिकच लावलं, पेट्रोलचं इलेक्ट्रिक केलं असं नाही, त्यामुळं आरटीओचा प्रश्न येत नाही. खरं का? (कोरेगाव)

उत्तर: खोटं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. गाडीत असा बदल करायचा नाही की आरसीवरची माहिती आणि कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशन यात फरक पडेल. इंधन कुठलं हा प्रश्नच नाही. 2019 च्या दुरुस्तीत कलम 182अ नव्यानं लिहिलं गेलं, त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही. त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण हेच सांगितलं, मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाही. पेट्रोल-डिझेल गाडीला हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक किट बसवायला रस्ता आहे, त्याला एआयएस 123 नावाचं मानक आहे, पण त्यात किटच आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून मंजूर व्हावं लागतं, मग अधिकृत माणसानं बसवायचं, मग आरटीओत नोंद. दोन हब मोटरी आणि एक वेल्डर म्हणजे किट नव्हे. पुण्याच्या केपीआयटी आणि भारत फोर्जनं 2010 ला रेवोलो नावाचं किट दाखवलं होतं, चालत्या गाडीला मोटर जोडून हायब्रीड करायचं, एवढ्या मोठ्या कंपन्या होत्या तरी ते किट आपल्या गल्लीतल्या गॅरेजपर्यंत काही पोचलं नाही.

आणि दंडापेक्षा जड आहे विमा. न कळवता बदल केला आणि अपघात झाला तर सर्व्हेअर आधी गाडीखाली वाकतो, आणि बदल दिसला की कंपनी हात वर करू शकते. समोरच्याचं नुकसान मोठं असलं तर जमीन विकायची पाळी येईल. तुमच्या ओळखीतल्यांना हे पान कापून द्या.

प्रश्न: वाई-पाचगणी आमचं रोजचं आहे. पसरणी घाट उतरताना मागचे ब्रेक तापतात असं मिस्त्री म्हणतात. मागच्या चाकाला रिजनवाली, म्हणजे ब्रेक लावताना वीज परत तयार करणारी, मोटर लावली तर ब्रेक पण वाचतील आणि बॅटरी पण भरेल, दुहेरी फायदा नाही का? (वाई)

उत्तर: मागच्या चाकानं ब्रेक मारायची कल्पनाच उतारावर वाईट आहे. उतरताना भार पुढं जातो, मागची चाकं हलकी होतात, हलक्या चाकाला जोरात आवळलं की ते घसरतं आणि गाडीचा मागचा भाग पुढं यायला बघतो. पसरणीच्या ओल्या वळणावर हे नको.

फायदा किती असतो तो पण बघा. वाई ते पाचगणी चढ साधारण 600 मीटर. 1400 किलो तेवढं वर न्यायला 2.3 युनिट, हे गणित देवाघरचं आहे, त्यात सूट नाही. उतरताना त्यातलं अर्ध-पाऊण युनिट टायर आणि वारा खातात, उरलेल्यातनं मोटर-बॅटरीचं कमिशन जाऊन 1 युनिट, फार तर सव्वा परत येतं. ते तुमची पुढची मोटर एकटी गोळा करते, तिला मदतीला कुणी नको. तुमच्या मागच्या ड्रमला ताप होतोय याचा अर्थ तुम्ही रिजन कमी लेव्हलवर ठेवून पेडल घासत उतरताय, किंवा हँडब्रेकची केबल आखडलीय. लेव्हल जास्तीत जास्त करा, पहिल्या वळणाच्या आधीच, आणि केबल बघून घ्या.

आणि एक विचारतो, पाचगणीत रात्री गाडी चार्जिंगला लावून सकाळी शंभर टक्क्याला खाली निघता का? भरलेल्या बॅटरीत वीज कुठं ठेवणार ती, रिजन बंदच राहतं आणि सगळा घाट ब्रेकवर पडतो. पाचगणीत मुक्काम असेल तर नव्वदला चार्जर काढा, उरलेल्यातलं युनिटभर वाईला उतरेपर्यंत घाट भरून देतो.